आधी पाटी, मग पाणी

सुकळगडाच्या माथ्यावर पाण्याची पाच टाकी आहेत. पाचवे सर्वांत लहान, उत्तरेच्या कड्याजवळचे. त्याच्या काठाला लागून मातीची एक टेकडी आहे. दोन पुरुष उंच, वर गवत, एका अंगाला करवंदीची जाळी. आता सुकळगडाचा माथा म्हणजे उघडा काळा कातळ. जिथे गवताच्या काडीला मूळ धरायला जागा नाही, तिथे एवढी माती आली कुठून, असा प्रश्न कुणालाही पडतो. मागे एका प्राध्यापकांनी ती वाऱ्याने आणली असे सांगितले. वारा गडावर पुष्कळ आहे, पण तो आजवर न्यायचेच काम करत आला आहे. त्या दिवशी प्राध्यापकांची टोपीही त्याने नेली.

मेटावरची माणसे तिला पाहुण्यांची टेकडी म्हणतात. मेट म्हणजे गडाच्या निम्म्या चढावरची पहाऱ्याची वस्ती. पहारा कधीच संपला, गडावर राखण्यासारखेही काही उरले नाही, पण मेट आहे. वर जाणारा तिथे दम खायला थांबतो, तेव्हा एखादी म्हातारी तांब्या पुढे करते आणि विचारते, "पाव्हणं कुठलं?"

दर माघ-फाल्गुनात गडावर श्रमदानाला मंडळी येतात. यंदा पुण्याहून तीस-पस्तीस जण आले होते. सगळ्यांचे सदरे एका रंगाचे, हातमोजे कोरे, आणि फलकावर मंडळाचे नाव गडाच्या चित्रापेक्षा मोठे. मेटावर विचारणा झाली तेव्हा त्यांतल्या शर्वरी दातार यांनी "पुण्याची" असे ठणकावून सांगितले. म्हातारी नुसती हसली. पाणी मात्र दिले.

पाचव्या टाक्याच्या काठी लहानूबाबा मेटकरी बांबूच्या पाट्या घेऊन बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, नजर अजून शाबूत. शर्वरीबाईंनी टाक्यातून गाळाची एक पाटी आणून टेकडीवर टाकली आणि दुसऱ्या पाटीला हात घातला. बाबांनी त्या पाटीवर आपला पंजा ठेवला.

"झाली तुमची."

"बाबा, आम्ही दोन दिवस आहोत. पन्नास उचलीन मी."

"पन्नास उचला की. दर पाटीला खाली मेटाच्या पल्याड जायाचं, आन् परत पाव्हणं हून वर यायचं."

"आणि तुमच्या किती झाल्या आजवर?"

"माझ्या? एक बी न्हाई," बाबा म्हणाले. एखादा माळकरी दारूबद्दल सांगेल त्या अभिमानाने.

शर्वरीबाई बँकेतल्या. विचित्र नियम त्यांनी आयुष्यभर पाहिलेले, त्यांतले काही स्वतः काढलेले. पण काम करायला आलेल्या माणसाला काम करू न देणारा नियम त्यांनाही नवा होता. त्या पाटी उपडी करून तिच्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

मग लहानूबाबांनी सांगितले ते असे. त्यांना त्यांच्या आज्याने सांगितले होते. आज्याला कुणी सांगितले असे विचारले, की ते टाक्याकडे बोट करतात.

गडावर तेव्हा राबता होता म्हणे. सुभानजी नावाचा हवालदार होता, आणि दफ्तर सांभाळायला रंगो नारायण सबनीस होते. सबनिशी तीन पिढ्यांची. बायको वारलेली, एकुलती एक लेक सासरी, त्यामुळे घरात एक चूल, एक माणूस आणि बाकी सगळीकडे कागद. पंत गडावरच जन्मले. गडावर काय काय आहे हे त्यांना पाठ होते, कारण ते लिहिलेले होते. जाऊन पाहण्याची वेळ त्यांच्यावर सहसा आली नव्हती.

गडावर प्रत्येक काम कुणाचे ना कुणाचे होते. दरवाजा उघडायचे काम एकाचे, लावायचे त्याच्या चुलत्याचे. आणि काम एकदा चिकटले की सुटत नसे. एखाद्याच्या आज्याने सहज जाता जाता नगाऱ्यावरची धूळ झटकली, तर त्याचा पणतूही नगारे झटकत बसे. म्हणून शहाणी माणसे नेमून दिल्यावाचून काडीलाही हात लावत नसत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर कुणीतरी पळवाट काढली असती.

पाचव्या टाक्यात गाळ भरला तो यामुळे. खोदणाऱ्याने टाके खोदले आणि तो गेला. पाणक्याचे काम पाणी भरायचे. पाणी गढूळ लागले तेव्हा तो चौथ्या टाक्यावर जाऊ लागला. गाळ हा शब्दच कुणाच्या वाट्याला आलेला नव्हता. दर पावसाळ्यात कड्यावरची माती वाहून येई, टाक्यात बसे आणि तिथेच राही. गडाचे काही अडत नव्हते. चार टाकी भरलेली होती.

अडले मेटाचे. पाचव्या टाक्याच्या बरोबर खाली, खडकाच्या फटीतून मेटाचा झरा येई. टाक्यात गाळ चढला तशी झऱ्याची धार मनगटाची बोटावर आली, बोटाची सुतावर आली. त्या वर्षी पौषातच गुरांना पाणी पुरेना. सुभानजीने हुकूम काढला, की वैशाखी अवसेपर्यंत पाण्याची सोय झाली नाही तर मेट उठवून खाली नदीकाठी न्यावे. हुकूम दयाळूपणाचा होता. पण नदीकाठी गेलेल्या मेटाला मेट कोण म्हणणार?

मेटावर ठकू नावाची बाई होती. तिचा नवरा पहाऱ्यावर असताना पडला होता, त्याचा वीरगळ झऱ्याच्या तोंडाशीच उभा होता. दोन मुलगे पहारा देत होते. रोज झऱ्याचा पहिला तांब्या ती त्या दगडावर घाली. मेट उठले तर माणसे जातील, गुरे जातील, दगड जाणार नव्हता. ती गड चढून सबनिसांच्या ओसरीवर आली.

"पंत, पाचव्यातला गाळ काढाया सांगा."

"कुणाला सांगू?"

"कुणालाबी."

"कुणालाबी नावाचा माणूस गडावर नाही, ठकू. प्रत्येकाला आपलं नाव आहे आणि आपलं काम आहे."

"मंग म्याच काढते. दोन पोरं हायेत माझी. पंधरा दिसांत टाकं मोकळं करते."

पंतांनी बोरू खाली ठेवला. ते दुष्ट नव्हते, फक्त नीट होते. "असं करू नकोस," ते म्हणाले. "तू एक पाटी काढलीस की गाळ मेटाचा झाला. आज पाचव्याचा, उद्या पाचांचाही. हा हवालदार जाईल, दुसरा येईल, मला विचारील की गाळ कोण काढतं. मला खरं तेच सांगावं लागेल. तुझ्या नातवंडांनी रात्रभर पहारा द्यायचा आणि दिवसभर गाळ उपसायचा, असं हवंय का तुला?"

ठकूने विचारले, "आन् पाव्हण्यानं काढला तर?"

पंत हसले. "पाहुण्याचं काय! तो आज आहे, उद्या नाही. त्याच्या गळ्यात काय बांधणार?"

"पाव्हणा म्हंजी कोन धरायचा, पंत?"

असा प्रश्न पंतांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते खुलले. "ज्याची चूल गडावर नाही आणि मेटावर नाही, तो पाहुणा," ते म्हणाले. "आणि पाटी एकच हं. एक उचलली तर तो मान राखणं झालं. दुसरी उचलली की चाकरी सुरू." हे त्यांनी थट्टेत सांगितले, पण ठकू उतरून गेल्यावर सवयीने कागदावर उतरवून ठेवले, खाली तिथी घातली आणि सुभानजीकडून त्यावर शिक्काही करून घेतला. शिक्का करताना सुभानजीने कागद वाचला नाही. ते त्याचे काम नव्हते.

ठकूने मेटाच्या देवीपुढे नवस बोलला, असे सांगतात. पाचव्याचा तळ दिसेपर्यंत झऱ्याचे पाणी तोंडात घालणार नाही. माझ्या वाटचे पाणी पाहुण्यांचे. ती स्वतः रोज सकाळी नदीवर उतरे, पोटभर पिऊन घेई आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच राही. दिवसभर वळणावर तांब्या घेऊन बसे. चढून आलेल्याला पाणी देई, विचारी, "पाव्हणं कुठलं?" आणि पाणी पोटात गेल्यावर सांगे, "वर पाचव्या टाक्यात पाट्या ठेवल्यात. एक पाटी काठावर टाका, मंग बसा."

पाण्याला जागावे लागते. नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

पहिला पाहुणा आला तो नेमका सबनिसांचा जावई. पंत दारात पाय धुवायला तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन उभे, आणि जावई दिसेना. शोधायला माणूस गेला तर जावईबापू जरीकाठी उपरणे कमरेला गुंडाळून, ढोपरभर चिखलात, पाटी खांद्यावर घेऊन चाललेले.

"हे काय हो?" पंतांनी टाक्याकाठी येऊन विचारले.

"मामंजी, खालच्या बाई म्हणाल्या इथली रीत आहे. तुम्हीच लिहून दिली आहे म्हणे."

लिहून तर त्यांनीच दिली होती.

मग कासार आला, वासुदेव आला, मुलगी पाहायला आलेली मंडळी आली. त्यांच्यात पाटी उचलायला टाळाटाळ करणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे नकार मिळाला. एक बैरागी आला. त्याने पुण्य लागेल म्हणून दुसरी पाटी मागितली, तर त्याला सांगण्यात आले की महाराज, खाली जाऊन परत या. तो खरेच गेला, दुसऱ्या वाटेने फिरून चार दिवसांनी आला, आणि त्या वाटेवर आपल्याला कोरीव लेणे दिसले असे सांगू लागला. गडावर जन्म काढलेल्या कुणालाही ते ठाऊक नव्हते.

चैत्री पौर्णिमेला देवीची जत्रा भरली. त्या दोन दिवसांत टाक्याकाठी एवढी रांग लागली की देवी क्षणभर एकटी पडली म्हणे. गाळाच्या पोटात खड्डा झाला, खड्ड्यात पाणी पाझरून उभे राहिले. काठावर टेकडीसारखे काहीतरी दिसू लागले.

आणि पंत रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहू लागले.

त्याला कारण होते. दफ्तरात त्यांच्या आजोबांच्या हातची एक ओळ होती: "टाके पाचवे. तळी कासव. कासवाचे तोंड मेटाकडे." पंतांनी ती ओळ लहानपणापासून वाचली होती. देवळात कासवाचे तोंड देवाकडे असते. टाक्यातल्या कासवाने मेटाकडे का पाहावे? आजोबांनी कारण दिलेले नव्हते. सगळ्यांना ठाऊक आहे ते कशाला लिहायचे, असा त्या पिढीचा हिशेब. ते सगळे गेले आणि ठाऊक असणेही त्यांच्याबरोबर गेले. पन्नास वर्षांत पंतांना एवढी एकच ओळ खरी आहे की खोटी हे पाहावेसे वाटले होते, आणि मध्ये गाळ होता.

जत्रा सरली आणि वैशाखाचे ऊन पेटले. पाहुणे आटले. दिवसाला एक, मग आठवड्याला एक. अवसेच्या आदल्या दुपारी सुया-पोत विकणारी एक म्हातारी कशीबशी चढून आली. तिने खड्ड्यातून पाटी भरली, आणि खाली काळ्या दगडाचा गोल काठ दिसला. कासवाची पाठ. तोंडाकडची बाजू अजून गाळात होती. तिथे गाळ उरला होता फार तर एका पाटीचा.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. घटकाभरात अख्खा गड टाक्याभोवती जमला. गोलंदाज होते, पाणके होते, दरवाजा उघडणारा आणि लावणारा दोघेही होते. स्वतः सुभानजी होता. सगळे वाकून पाहत होते, मान डावीकडे करत होते, उजवीकडे करत होते. दोनशे माणसे आणि एक पाटी गाळ. म्हातारी म्हणाली, "अरे, मुडद्यांनो, हात घाला की." कुणी हात घातला नाही. जो घालील त्याच्या घराण्यात गाळ शिरणार होता. दिवे लागायच्या वेळेला सगळे आपापल्या कामाला गेले.

खाली मेटावर बोचकी बांधायला घेतली होती. सुभानजीला आणखी चार दिवस मागून पाहिले. तो म्हणाला, "हुकूम माझाच आहे, पण आता तो हुकूम आहे."

अवसेच्या सकाळी पंतांनी स्नान केले, देवपूजा केली आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतले. मग चुलीचे तिन्ही दगड उचलून अंगणात नेऊन ठेवले. शिक्के आणि दफ्तराची किल्ली सुभानजीच्या उंबऱ्यावर ठेवली, वर चार ओळींची चिठ्ठी, तिथीसकट. धोतरजोडी आणि देवाची डबी पंच्यात बांधून ते गड उतरले. मेट ओलांडून पार खालच्या वडापर्यंत गेले, वडाला हात लावला आणि परत फिरले. वय साठीचे. उन्हाने पाय भाजत होते.

ठकू वळणावर पाठमोरी बसून भांडी गोणत्यात भरत होती. माणसे निम्मी उतरणीला लागली होती. मागे पावले वाजली तसे तिने न बघताच, सवयीने विचारले, "पाव्हणं कुठलं?"

"खालचं," पंत म्हणाले.

आवाज ओळखून ती वळली. त्यांच्या हातातले गाठोडे तिने पाहिले, डोक्याची पगडी पाहिली.

"पंत, चूल?"

"विझवली."

पाहुण्यांच्या वाटचे पाणी संपले होते, झऱ्याचा एकच तांब्या उरला होता, दगडावर घालायला ठेवलेला. तो तिने त्यांना दिला. पंत उभ्यानेच प्यायले आणि वर चढू लागले.

टाक्यात उतरताना त्यांनी पगडी काढून काठावर ठेवली. आयुष्यात त्यांनी बोरूपेक्षा जड काही उचललेले नव्हते. हातांनी ओरबाडून ओरबाडून त्यांनी पाटी भरली, आणि कासवाचे तोंड उघडे पडले. ते खरोखरच उघडे होते. जबड्यात मूठ जाईल एवढे भोक होते, आणि तिथून खडकात वाट खोदलेली होती, थेट मेटाकडे. कासव कुणाकडे बघत नव्हते. ते पाणी देत होते.

खड्ड्यातले पाणी गुडगुडले, भोवऱ्यासारखे फिरले आणि तोंडात गेले. पंतांनी पाटी उचलली, टेकडीवर टाकली आणि तिथेच बसले. थोड्या वेळाने खालून, दूरवरून, बायकांचा गलका ऐकू आला. उतरणीला लागलेली माणसे माघारी धावत होती. धार आधी काळी आली, मग तांबडी, आणि दुपार कलताना स्वच्छ. ठकूने पहिली ओंजळ दगडावर घातली आणि दुसरी स्वतः प्यायली. चार महिन्यांनी.

सुभानजी टाक्यावर आला. त्याला खरेच वाईट वाटले असावे.

"पंत, झालं ते झालं. घरी चला. चूल पेटवा."

"पेटवली तर ही पाटी गडच्या माणसाने उचलली असं होईल," पंत म्हणाले. "मग गाळ सबनिशीचा. पुढच्या सबनिसाने काय करायचं?"

"कोण विचारतंय?"

"तुम्ही शिक्का केलाय."

पंत त्याच संध्याकाळी उतरले ते पायथ्याच्या गावी राहिले. पुन्हा त्यांनी गडावर रात्र काढली नाही. दर वैशाखी अवसेला मात्र ते चढून येत, मेटावर पाणी पीत, एक पाटी टाकत, कासव पाहत आणि परत जात. जन्मले त्या गडावर ते शेवटपर्यंत पाहुणे होते, असे लहानूबाबा सांगतात.

शर्वरीबाई उठल्या. "कासव आता दिसतं का?" त्यांनी विचारले.

"पाव्हणं किती येत्यात त्येच्यावर हाय," बाबा म्हणाले. "पाऊस दर साली माती आनतोय. औंदा अजून दोन हात खाली आसंल."

शर्वरीबाई बैरागी गेला त्या वाटेने उतरल्या. वाटेत त्यांना ते लेणे दिसले, अर्धवट सोडलेले, आत वटवाघळे. देवराई लागली, वीरगळांची रांग लागली. एका दिवसात तीन पाट्या झाल्या आणि गडाच्या तिन्ही वाटा पाहून झाल्या. मंडळाच्या नियोजनात यांतले काहीच नव्हते. तिसऱ्यांदा मेटावर टेकल्या तेव्हा म्हातारीने तांब्या पुढे करून विचारले, "पाव्हणं कुठलं?"

"खालचं," शर्वरीबाई म्हणाल्या. या वेळी म्हातारी हसली नाही.

आजही सुकळगडाच्या माथ्यावर आधी पाटी, मग पाणी. जिल्ह्याचा साहेब असो की वरात घेऊन आलेला नवरदेव, पाटी एक, आणि उत्तर एकच. मेटावरच्या माणसाने मात्र पाटीला शिवायचे नाही. मेटाची लेक लग्न होऊन जाते, तिची चूल दुसरीकडे पेटते, आणि वर्षभराने ती पहिल्या माहेरपणाला येते. तेव्हा तिलाही टाक्यावर जावे लागते. ती जाते, पण पाटीकडे बघत नाही. टाक्याला एक फेरी मारते, टेकडीवरची दोन करवंदे तोडून खाते, पुन्हा एक फेरी मारते. कुणी घाई करत नाही. लहानूबाबा पाटी पुढे करून दुसरीकडे बघत बसतात. खाली वळणावर तिची आई तांब्या घेऊन उभी असते. लेक उतरून आली की तिला विचारावे लागते, "पाव्हणं कुठलं?"